फिरायला, पण गाडीने

२२ फेब्रुवारी २०२१, सोमवार

आजपासून पुन्हा लॉकडाऊन. बाकी महाराष्ट्र मोकळा फिरतोय आणि अमरावती-अकोला बंद. लोकांनी लग्नं केली, पंगती उठवल्या, त्याची ही फळं.

सकाळीच आदेशाची प्रत काढून नोटीस बोर्डावर लावली. महत्त्वाच्या ओळींखाली लाल रेघ मारली. गच्चीला कुलूप घातलं. लिफ्टही बंद केली, कारण एकाच बटणाला अकरा घरांची बोटं लागतात. चौथ्या मजल्यावरचे कुरकुरले. कुरकुरू देत. सहा वर्षं या अपार्टमेंटचा सेक्रेटरी आहे, आणि त्याआधी चौतीस वर्षं कोर्टात काढली आहेत. उद्या कोणी विचारलं की सेक्रेटरीने काय केलं, तर लेखी पाहिजे, म्हणून ही वही.

संध्याकाळी तळमजल्यावरचे महादेवराव गावंडे आले. शेतकी खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे अंजनगाव सुर्जीचे. त्यांच्या पार्वताबाईंना दिवाळीनंतर लकवा झाला. उजवं अंग गेलं, बोलणंही गेलं. आता काठीने चार पावलं टाकतात.

"पाठकसाहेब, गच्चीची चाबी अर्धा घंटा द्या. तिले रोज चालवा लागते. लिफ्ट तेवढी चालू करा, वर नेतो, चालवतो, आणून सोडतो."

मी म्हणालो, एकाला दिली की सगळ्यांना द्यावी लागेल.

"सगळ्याईले लकवा झाला का?"

वऱ्हाडी माणसाला बोलायची रीत नसते.

२४ फेब्रुवारी, बुधवार

पहाटे पावणेसहाला बाल्कनीतून पाहिलं. महादेवराव पार्वताबाईंना गाडीत बसवत होते. आधी पाठ, मग डावा पाय, मग उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत. सात वाजून दहा मिनिटांनी परत.

खाली जाऊन विचारलं. म्हणाले, "मार्डी रोडले नेतो. तिथं सपाट आहे, फिरते थोडीशी."

"फिरायला? गाडीने?"

"पायानं तिथवर जाता आलं असतं, तर फिरवाले कायले नेलं असतं?"

आमची गल्ली पाइपलाइनसाठी खोदून ठेवली आहे हे खरं. पार्किंगला उतार आहे आणि फरशी निसरडी, हेही खरं. पण आजारी माणसाने घरात राहावं असं आदेशात स्पष्ट आहे. घरात हॉल आहे की.

२५ फेब्रुवारी, गुरुवार

आदेश पुन्हा तीनदा वाचला. दवाखाना, औषध, दूध, किराणा यांसाठी जाता येतं. व्यायामासाठी वाहनाने जाता येतं की नाही, याबद्दल एक अक्षर नाही.

नियंत्रण कक्षाला फोन लावला. अर्ध्या तासाने लागला. मी प्रश्न नीट मांडला: व्यायामाच्या ठिकाणी पोचण्यासाठी खासगी वाहन वापरता येईल का? पलीकडचा पोरगेला आवाज म्हणाला, "काका, घरात बसा ना."

म्हणजे नाही.

खात्रीसाठी जुन्या ओळखीचे वकील धर्मपालजी यांना विचारलं. ते म्हणाले, "हरिहरराव, आदेश गप्प असेल तर माणुसकीनं वाचावा." वकिली चालत नसली की माणसं असं बोलायला लागतात.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

अंतर मोजायला स्कूटरवरून गेलो. जाणं आवश्यक होतं, मोजल्याशिवाय लिहिता येत नाही. गेटपासून सहा किलोमीटर चारशे मीटर. याला कोणी जवळ म्हणणार नाही.

ते दोघे तिथेच होते. मी कडुनिंबाच्या झाडामागे स्कूटर लावली. महादेवराव तिच्यासमोर उलटे चालत होते, तिचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून. अठ्ठ्याहत्तर किलोची बाई आणि तो वाळकुडा माणूस. लहान मुलाला चालवतात तसं. रस्त्याच्या कडेला विजेचे खांब आहेत, प्रत्येक खांबाशी ती मोठ्याने आकडा म्हणे. "एक." मग बऱ्याच वेळाने "दोन." तिला आता बाकी काही बोलता येत नाही, आकडे येतात. चौथ्या खांबाशी ती हसली. अर्धाच चेहरा हसला. त्यांनी तिचं तोंड आपल्या दुपट्ट्याने पुसलं.

मी तिथे वीस मिनिटं होतो. का थांबलो ते माहीत नाही. भर रस्त्यात हे शोभणारं नव्हतं.

घरी आलो तर अनसूया म्हणाली, "कुठे गेला होतात?" सोसायटीचं काम, म्हणालो. तिने चहा ठेवला. चाळीस वर्षांत मी तिचा हात धरून रस्त्याने चाललो नाही. तशी गरजही पडली नाही.

२८ फेब्रुवारी, रविवार

अकोल्याला जाऊन आलो. श्रावणीच्या मुलीचा पहिला वाढदिवस. पाससाठी कारण 'वैद्यकीय' लिहिलं. बाळाचं वजन कमी आहेच, त्यामुळे ते अगदी खोटं नाही. मूर्तिजापूरच्या पुढे एकदा अडवलं, माझे पांढरे केस पाहून सोडलं. जावयाने केक आणला होता. एकूण नऊ माणसं, सगळी घरचीच.

परतल्यावर महादेवराव गेटपाशी भेटले. म्हणाले, "कशी आहे नात? केक खाल्ला का तिनं?" अनसूया त्यांच्या घरी सांगून आलेली असणार. एवढंच विचारून ते आत गेले. हसलेही. मला तो टोमणा वाटला. रात्रभर वाटत राहिला.

२ मार्च, मंगळवार

अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, वाहन क्रमांक, निघण्याची वेळ, परतण्याची वेळ, रस्ता, अंतर. मजकुरात एकही विशेषण नाही. 'योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती.' शिक्का मारला, पाकिटावर पोलीस ठाण्याचा पत्ता घातला. बऱ्याच दिवसांनी इतकं सुबक काही लिहिलं.

अनसूया पदराला हात पुसत आली. "काय लिहिताय?"

"सोसायटीचं."

"पार्वतासाठी शिरा केलाय, देऊन येते."

देऊन ये म्हणालो. मी काही तिच्या जाण्यायेण्यावर बंधन घातलेलं नाही.

५ मार्च, शुक्रवार

तिसऱ्या मजल्यावरची पौर्णिमा, नर्स आहे, रात्रपाळी करून परतताना नाक्यावर होती. तिने जिन्यात उभी राहून मला सगळं सांगितलं. तिला वाटलं मी सेक्रेटरी म्हणून काहीतरी करीन.

नाक्यावर पोलिसांनी गाडी अडवली. महादेवरावांनी सांगितलं, बायकोला चालवायला नेतोय. "फिरायला गाडीनं? मजा आहे बुवा," असं कोणीतरी म्हणालं. त्यांना खाली उतरवून कान धरून वीस उठाबशा काढायला लावल्या. वय अडुसष्ट. पार्वताबाई काचेतून पाहत होत्या. त्यांना वाटलं असावं की आज व्यायाम यांचा आहे. त्या आकडे मोजायला लागल्या. मोठ्याने. एक. दोन. तीन.

"आधी ते सगळे हसले, काका," पौर्णिमा म्हणाली. "सातनंतर कोणी हसलं नाही. पण थांबा असंही कोणी म्हटलं नाही. ते अकराला खाली बसले तरी काकू बारा म्हणाल्या."

गाडी जप्त झाली. दोघांना रस्त्याच्या कडेला दूर दूर बसवलं. रिक्षा बंद. पार्वताबाई स्वतःच उठून त्यांच्याकडे यायला निघाल्या आणि पडल्या. शेवटी दुधाच्या गाडीने त्यांना घरी आणून सोडलं.

"आणि काका, त्या साहेबाच्या हातात अर्ज होता. आपल्या सोसायटीच्या शिक्क्याचा. त्यानं गावंडेकाकांना वाचून दाखवला."

मी विचारलं, सही कुणाची होती हे तू पाहिलंस का.

ती जिना चढून गेली.

उठाबशा हा शिक्षेचा प्रकार कायद्यात नाही. त्याला मी जबाबदार नाही. मी 'योग्य ती' कार्यवाही मागितली होती.

६ मार्च, शनिवार

अनसूया बोलत नाही. ताट वाढते, बोलत नाही.

तळमजल्याची पार्किंगची जागा रिकामी आहे. झाडून घेतली.

१७ मार्च, बुधवार

पार्वताबाईंचं हाड शाबूत आहे, पाय मुरगळला होता. दोन आठवडे पडून होत्या. व्यायाम शिकवणारे डॉक्टर फोनवर म्हणाले की आता चालवलं नाही तर कायमच्या अंथरुणाला खिळतील. हे मला महादेवरावांनी सांगितलं. ते दारात आले होते. मला वाटलं भांडायला आले. मी वाक्यंही ठरवून ठेवली होती.

ते म्हणाले, "आता गाडी नाई. आता तरी गच्चीची चाबी देता का?"

मी म्हणालो, "अर्ज करा. कमिटीपुढे ठेवतो."

त्यांनी तिथेच, माझ्या दाराबाहेरच्या चपलांच्या स्टँडवर कागद ठेवून अर्ज लिहिला. अक्षर चांगलं आहे. मी वाचला. खाली तारीख नव्हती. परत केला. ते माझ्याकडे बघत होते, मी कागदाकडे. त्यांनी तारीख घातली.

आतून अनसूयेचा आवाज आला, बारा दिवसांनी पहिला. "शोभतं का हो तुम्हाला?"

तारखेशिवाय अर्ज म्हणजे कागदाचा तुकडा, एवढंच मी तिला म्हणालो.

२५ मार्च, गुरुवार

कमिटीने मंजुरी दिली. सकाळी सहा ते साडेसहा, दोनच व्यक्ती, मास्कसह. मी स्वतः खाली जाऊन किल्ली दिली. माझ्या मनात कोणाविषयी काही नाही, हे यावरून दिसतं.

महादेवराव म्हणाले, "अन् लिफ्ट?"

लिफ्टची विनंती अर्जात नव्हती. तसं सांगितलं. नवा अर्ज करा, पुढच्या बैठकीत घेऊ.

"चार माळे हायेत साहेब."

"मला ठाऊक आहे किती मजले आहेत ते."

ते म्हणाले, "व्हय. तुमी मोजलेच असतीन."

२६ मार्च, शुक्रवार

सकाळी सहाला जिन्यात आवाज. दार किलकिलं करून पाहिलं. महादेवरावांनी तिला पाठुंगळी घेतलं होतं. पाच पायऱ्या चढत, कठड्याला टेकत, पुन्हा पाच. तिचा लुळा हात त्यांच्या छातीवर लोंबत होता. माझ्या मजल्यावर थांबले. मला त्यांच्या श्वासाची शिट्टी ऐकू येत होती. मी दार लावून घेतलं, कारण दोन मीटर अंतर राहत नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर ते बसले. पौर्णिमाने मदत करून दोघांना खाली आणलं. गच्चीपर्यंत पोचलेच नाहीत.

अनसूया माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. "लिफ्टचा खटका तुमच्याच ड्रॉवरच्या किल्लीने चालतो ना?"

"प्रश्न खटक्याचा नाही."

"मग कशाचा आहे?"

मी तिला पद्धत समजावून सांगत होतो. ती मध्येच निघून गेली.

२७ मार्च, शनिवार

गच्चीची किल्ली आमच्या दाराच्या कडीला अडकवलेली सापडली. सोबत चिठ्ठी नाही. रजिस्टरमध्ये 'परत प्राप्त' असं नोंदवलं. लिफ्टचा अर्ज आला नाही. मी वाट पाहिली.

८ एप्रिल, गुरुवार

पार्वताबाईंना तीन दिवस ताप होता. तपासणीत करोना नाही निघाला. त्यामुळेच कुठे जागा मिळाली नाही, असं पौर्णिमा म्हणते; सगळ्या खाटा करोनाच्या. पडून राहून छातीत कफ साचला. आज दुपारी गेल्या.

अनसूया शेवटच्या घटकेला तिथे होती. वर आली आणि अंगावर पाणी घेऊन बराच वेळ न्हाणीघरातच राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "ती आकडे म्हणत होती. सात-आठपर्यंत आली."

जेवायचं विचारलं.

९ एप्रिल, शुक्रवार

अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा. कोणीतरी लक्ष ठेवायला हवं होतं. मी वही घेऊन गेटवर बसलो. अंजनगावहून भाऊबंद आले, काही शेजारपाजारचे, पौर्णिमा, अनसूया. वीस भरले.

मग एक म्हातारी बाई आली, माणिकबाई, पार्वताबाईंची सख्खी बहीण. तिवस्याहून आली होती, कोणाच्या तरी मोटारसायकलवर बसून. मी म्हणालो, संख्या पूर्ण झाली आहे.

"मले फक्त तोंड पाहू द्या बापू. आत नाई थांबत."

मी तिला आदेश दाखवला. तिला वाचता येत नव्हतं. ती गेटबाहेर खोदलेल्या मातीच्या ढिगावर बसली. रडली नाही. पदर दातांत धरून बसून राहिली.

तेवढ्यात अनसूया आतून आली. मला वाटलं मला काही सांगायला येते आहे. ती गेट उघडून बाहेर गेली, माणिकबाईला हाताने उठवलं आणि म्हणाली, "माझ्या जागी तुम्ही जा." आणि त्याच ढिगावर स्वतः बसली. जिवलग मैत्रीण शेवटची जात होती आणि ही बाहेर मातीत.

मी वहीत अनसूयेचं नाव खोडून माणिकबाईचं लिहिलं. संख्या वीसच राहिली.

तिरडी गेटमधून निघाली तेव्हा महादेवराव माझ्यासमोर थांबले. मला वाटलं आता हात उचलतात. ते म्हणाले, "मोजून घ्या साहेब. ती एकवीसवी हाय." आणि पुढे गेले.

मृत व्यक्ती संख्येत धरत नाहीत. हे त्यांना सांगायला हवं होतं, पण ती वेळ नव्हती.

१९ एप्रिल, सोमवार

प्रभागातल्या एका मंडळाकडून प्रमाणपत्र आलं. 'करोना काळात नियमांचे काटेकोर पालन करवून घेणारे दक्ष सेक्रेटरी.' नाव बरोबर छापलंय, हरिहर. नाहीतर लोक हरीहर छापतात. फ्रेमची दुकानं बंद आहेत. टेबलावर उभं करून ठेवलं. अनसूया जेवणाच्या टेबलावरून उठून ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली. आता ती तिथेच जेवते.

२४ एप्रिल, शनिवार

महादेवरावांची गाडी सुटून आली. पुढच्या सीटवर काठी तशीच होती म्हणे.

दुपारी अनसूया बॅग घेऊन उभी. श्रावणीकडे जाते म्हणाली. मी विचारलं, कशाने जाणार? जिल्हाबंदी आहे.

"गावंडेभाऊजी सोडतायत. पास काढलाय."

पास पाहायला मागितला. तिने दिला. कारणाच्या रकान्यात 'वैद्यकीय'.

"काय झालंय तुला?"

"काही नाही. तुम्हीच लिहायला शिकवलंत."

मी म्हणालो, कधी परत येणार? ती गाडीत बसली होती. महादेवरावांनी तिच्यासाठी दार धरलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तिने पाहिलं. चाळीस वर्षांत तिने माझ्याकडे असं पाहिलेलं मला आठवत नाही. कोर्टात पक्षकार पाहायचे, निकाल लागल्यावर.

गाडी वळली. वेळ दोन वाजून पाच मिनिटं. ही नोंद कुठे पाठवायची नाही, सवयीने लिहिली.

१२ मे, बुधवार

श्रावणी फोनवर म्हणते, आई बरी आहे, सकाळ-संध्याकाळ नातीला चालवते. बोलायला दे म्हटलं, तर ती झोपली आहे म्हणाली. सकाळचे अकरा वाजले होते.

लिफ्ट सुरू केली. कोणी अर्ज केला नव्हता.

७ जून, सोमवार

आजपासून मोकळीक. नवा आदेश दोन पानी. आणि त्यात अखेर स्पष्ट लिहिलंय: मोकळ्या मैदानात चालणे, फिरणे, सायकल, परवानगी. माझा प्रश्न योग्य होता हे यावरून सिद्ध होतं. स्पष्टीकरणाची गरज होतीच.

महादेवराव दीड महिना घराबाहेर पडलेले नाहीत, अनसूयेला सोडून आल्यापासून. शेजारी म्हणून मला वाटलं की त्यांना आपणच सांगावं. प्रत काढली, खाली गेलो. दार उघडंच होतं.

ते खाटेवर बसले होते. दाढी वाढलेली. मी म्हणालो, "चांगली बातमी आहे. आता फिरायला जाता येईल तुम्हाला. लेखी आलंय."

त्यांनी कागद हातात घेतला नाही. म्हणाले, "वाचा."

मी सारांश सांगायला लागलो.

"सारांश नोका सांगू. पूरा वाचा. अन् मले नोका वाचून दाखवू, तिले दाखवा."

भिंतीवर पार्वताबाईंचा फोटो होता. लकव्याच्या आधीचा, दोन्ही ओठ हसणारा. मी म्हणालो, हे काय महादेवराव. ते उठले, माझ्या मागचं दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभे राहिले. आवाज चढवला नाही. "नाक्यावर तुमचा अर्ज तिनं आयकला. मी खाली बसलो होतो तवा त्यानं मोठ्यानं वाचला, पूरा. आता हेबी आयकू द्या तिले."

मी वाचला. दुसरा काय मार्ग होता? विषय, संदर्भ, क्रमांक. कलम एक. कलम दोन. फोटोसमोर उभं राहून, दोन्ही हातांत कागद धरून. कलम चारला थांबून चष्मा पुसला. त्या घरात धूळ फार आहे, कोणी झाडत नाही. शेवटी 'प्रत माहितीसाठी रवाना' हेही वाचलं.

त्यांनी दार उघडलं. "झालं. जा आता."

वर आलो. चहा करून घेतला. साखर कुठल्या डब्यात आहे ते अजून सापडलेलं नाही, बिनसाखरेचा प्यायलो.

मी कलम सहा वाचलं नाही. दोन ओळींचं आहे. 'आजारी अथवा दिव्यांग व्यक्तीस सोबत्यासह खासगी वाहनाने मैदानापर्यंत नेण्यास मुभा राहील. अंतराची अट नाही.' पाचवरून मी सरळ सातवर गेलो. त्यांच्या लक्षात आलं नसावं.

फोटोकडे मात्र मी नंतर पाहिलं नाही.